वर्मेंटिनो शिकवणारी ताई

दाजींचा फोन आला तेव्हा मी अजमानहून शारजाला ताईकडेच निघाले होते, ट्रॅफिकमध्ये अडकलेली. "तुझी ताई गेली गं," एवढंच म्हणाले. साधा ताप म्हणता म्हणता... मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि मी तशीच बसून. आता महिना उलटलाय. रडून झालं, आज मला तिच्याबद्दल थोडं मिरवायचंय.

आम्ही तासगावच्या, घरची द्राक्षबाग. ताई दुबईतल्या एका हॉटेलात वाइनची तज्ज्ञ होती. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन द्यायची ते ठरवायची, वेटर मुलांना शिकवायची. आमचे वडील, अण्णा, मात्र गावात कुणी विचारलं की "थोरली हॉटेल लाइनला आहे" म्हणून विषय बदलायचे. ताईला ते फार लागायचं. "अण्णा, एकदा तरी माझं काम स्वतःच्या तोंडाने सांगा ना," ती म्हणायची. अण्णांना नेमका तेव्हाच खोकला यायचा.

तिचं लाडकं द्राक्ष वर्मेंटिनो. भूमध्य समुद्राकाठचं, पांढऱ्या वाइनचं. खारा वारा सोसतं, भर उन्हात पिकतं, तरी आपला आंबटपणा सोडत नाही. हे ताईलाही लागू होतं, पण तिच्यासमोर तसं बोलायची कुणाची टाप नव्हती. शारजात दारूबंदी, घरात थेंब नाही. मग सुट्टीला त्या वेटर पोरांना घरी बोलावून ती वाइनऐवजी वाइनमधल्या चवींच्या बशा मांडायची. लिंबाची साल, बडीशेप, मिठाचं पाणी आणि शेवटी एखादा कडसर बदाम. मग तिची अरबी मिसळलेली हिंदी सुरू व्हायची.

"आंखें बंद. यल्ला, बताओ, आखिर में जीभ पे क्या रहा?"

कुणीतरी भीत भीत म्हणायचं, "मॅडम, थोडा कडवा..."

"खलास! वही वर्मेंटिनो है. गेस्ट को डर के मत बताना."

असलं अनोळखी नाव मेन्यूत घ्यायला तिचे साहेब तयार नव्हते. ताईने त्यांना तळलेल्या सुरमईबरोबर ती वाइन दिली. साहेबांनी दुसरा ग्लास मागितला आणि वाद तिथेच मिटला. अण्णा शारजाला आले होते तेव्हा तिने हौसेने त्यांना हे सगळं सांगितलं. अण्णांनी विचारलं, "त्या द्राक्षात शुगर किती भरते?" ताई म्हणाली, "यात आंबटपणा राखायचा असतो, अण्णा." "आंबट द्राक्षाला व्यापारी शिवत नाही," म्हणून ते उठले. त्या दिवशी ताई जेवली नाही.

ती गेल्यावर अण्णा पुन्हा आले. भेटायला माणसांची रीघ होती. तिने शिकवलेली मुलं ड्यूटीवरून थेट आली आणि दाराशी ओळीने उभी राहिली. शेजारी बसलेल्या एका काकूंनी अण्णांना हळूच विचारलं, "तुमची मुलगी कशात होती हो?" मी सवयीने सुरुवात केली, "हॉटेल लाइन..."

"थांब," अण्णा म्हणाले. ते उठून उभे राहिले. "माझी थोरली वाइन पारखायची. नुसत्या जिभेवर द्राक्षाची जात ओळखायची. ही सगळी पोरं तिने तयार केलीत."

या वेळी खोकला आला नाही. ताई, ते जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले गं.