ड्रमवाला चुकला की नाही

आंबेगाव तालुक्यात एका विलायती बँडचे चाहते दोनच होते, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक मी, दुसरा मंचरच्या बाजारपेठेतला माझा मित्र. त्याचे आजोबा राजस्थानातून आले आणि त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. नातवाने त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात कॅसेटी विकायला घेतल्या. पुण्याहून आलेल्या मालाच्या गठ्ठ्यात या बँडच्या दोन कॅसेटी चुकून आल्या. एक स्टुडिओत बनवलेली, दुसरी मैदानात हजारो लोकांसमोर वाजवलेली. गिऱ्हाईक लावण्या मागायचं, भीमगीतं मागायचं, सिनेमाची गाणी मागायचं. या दोन्हींना कुणी हात लावेना, म्हणून आम्हीच ऐकायला लागलो. इंग्रजी शब्द आम्हा दोघांनाही कळायचे नाहीत. त्याने काही अडलं नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला होतो. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन दुकानात जायचो आणि जेवता जेवता भांडायचो. गिटारवाल्यावर आमचं एकमत होतं: हात सोन्याचा, पण थांबायचं कुठे ते कळत नाही. गाणारा मैदानात वरची पट्टी चुकवतो, हेही दोघांना मान्य. घोडं अडायचं ते ड्रमवाल्यापाशी. मैदानातल्या कॅसेटमध्ये बाकीचे वादक थांबतात आणि तो एकटा वाजवतो. चांगला रंगात आलेला असताना, सातव्या मिनिटाला, आवाज एकदम खाली बसतो. घुमणं बंद होतं, कडेवरची नुसती टकटक ऐकू येते, तीही अर्धवट. थोड्या वेळाने पुन्हा सगळं दणाणायला लागतं.

माझं म्हणणं, गडी चुकला. मित्राचं म्हणणं, त्याने ते मुद्दाम केलं.

"स्टुडिओत बघ किती स्वच्छ वाजवलंय," मी म्हणायचो. "लोकांसमोर फजिती झाली."

"स्टुडिओत दहा वेळा खोडून लिहिता येतं. इथं एकदाच. गवई मध्ये श्वास घेतो की नाही? तसा त्याने घेतला."

"श्वास घेतला का दम लागला?"

असं चार-पाच वर्षं चाललं. एकदा तो चिडून म्हणाला, "तुला साधी ताटली तरी वाजवता येते का? मोठा आलाय चुका काढणारा!" मी आलेला चहा तसाच सोडून उठलो आणि आठ दिवस तिकडे फिरकलो नाही. एवढं काय लागलं, ते त्याला कळलं नाही. कळणार तरी कसं, मी कधी सांगितलंच नव्हतं.

आमचं घर लोणीला. वडील तरुणपणी हलगी वाजवायचे. पंचक्रोशीत तसा हात नव्हता, हे मी चुलत्यांच्या तोंडून ऐकलेलं. वडिलांच्या तोंडून कधीच नाही. गावात लग्न असो की मयत, सांगावा आला की आमच्या वस्तीने जाऊन वाजवायचं, ही रीत होती. आपल्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि वस्तीने ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. वडिलांनी आपली हलगी स्वतःच्या हाताने चुलीत घातली. त्यानंतर घरात कसलंही वाद्य आलं नाही. लहानपणी मी एकदा रिकाम्या डब्यावर ठेका धरला, तर त्यांनी येऊन डबा उचलून नेला. बोलले काही नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याची मला मारापेक्षा जास्त भीती वाटायची. म्हणून ती कॅसेट मी कधी घरी नेली नाही. बत्तीस वर्षांचा घोडा झालो, लग्न झालं, तरी मला ड्रम ऐकायचं वेड आहे हे बापाला सांगायची छाती नव्हती. त्यांनी जे मन घट्ट करून जाळलं, तेच मी मागच्या दाराने घरात आणतोय असं वाटायचं.

मग मी मोटरसायकलवरून पडलो आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. एका रविवारी मित्र लोणीला मला बघायला आला. हातात केळी, काखोटीला टेपरेकॉर्डर. "पडून पडून कंटाळला असशील," म्हणाला आणि त्याने मैदानातली कॅसेट लावली. वडील पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी डोळ्यांनी खुणा केल्या, हाताने केल्या. गड्याला वाटलं आवाज कमी पडतोय, त्याने वाढवला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण सातवं मिनिट आलं, तो म्हणाला, "ऐक, कसा श्वास घेतलाय," आणि माझं डोकं फिरलं. आम्ही बाजारपेठेत भांडायचो तसेच भांडायला लागलो. शेवटी त्याने पडवीकडे तोंड करून हाक मारली, "बाबा, तुम्हीच सांगा. हा वाजवणारा चुकला का?"

मी टेप बंद करायला हात लांबवला, पण खाटेवरून तो पोचेना.

वडिलांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. आत येऊन दाराशी बसले. "मागं घ्या," म्हणाले. मित्राने कॅसेट मागे घेतली. "अजून एकदा." मग तिसऱ्यांदा.

"चुकला न्हाई," वडील म्हणाले. "आन मुद्दाम बी केलं न्हाई. कातडं उतारलंय त्याचं, ढिलं पडलंय. उघड्यावर वाजवतोय न्हवं? दव पडलं आसंल. शेकाया जवळ जाळ न्हवता, म्हनून कडंवर वाजवून येळ निभावली. लई शाना गडी हाय."

विलायती ड्रमला कातडं नसतं, प्लॅस्टिक असतं, त्याला दव काय करणार, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मित्राने माझ्या प्लास्टरवर हात दाबला. मग त्याने सरळ विचारून टाकलं, "बाबा, तुम्ही वाजवायचात?"

वडील उठले. "चहा घ्या, पावणं," म्हणाले आणि शेंगा तशाच टाकून शेताकडे निघून गेले. मित्र बिचारा घाबरला. त्याला सगळी हकिकत सांगितली तेव्हा कपाळाला हात लावून बसला. "आधी सांगायचंस की रे," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी जेवताना वडिलांनी आपणहून विषय काढला.

"त्याला ऐकाया लोक येत्यात?"

"तिकीट काढून येतात."

"आन तो बसतो कुठं?"

कॅसेटच्या कव्हरावर फोटो होता, तेवढंच मला माहीत. "मधोमध, चौथऱ्यावर. बाकीचे पुढे उभे असतात. हा एकटा वर बसलेला."

त्यांचा घास हातातच राहिला. "आमी जोत्याखाली उभं ऱ्हायाचो," ते म्हणाले. "ऊन आसू दे, पाऊस आसू दे. भाकरी वरून टाकायचे. हलगीवर राग न्हवता रं माझा."

मी रडलो. लाज वाटायचं काही कारण नव्हतं, तरी तोंड फिरवून रडलो. बत्तीस वर्षं मी त्यांचा राग चुकीच्या जागी धरून बसलो होतो, आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

पुढे पाच-सहा वर्षांनी त्याच कार्यक्रमाची व्हिडिओ सीडी निघाली. तोवर आमच्याकडे टीव्ही आणि सीडी लावायचं यंत्र आलं होतं. मित्र ती घेऊन धावतच लोणीला आला. सातव्या मिनिटाला ड्रमवाल्याची एक काठी मोडते, तुकडा उडून जातो, आणि दुसरी काठी हाताला लागेपर्यंत तो एकाच हाताने कडेवर वाजवत राहतो. म्हणजे मी हरलो, मित्रही हरला. सर्वांत जवळ वडील पोचले होते. वाजवणारा दगा देत नाही, हातातलं सामान देतं, हे त्यांनी नुसत्या कानाने ओळखलं होतं.

मी अभिमानाने त्यांच्याकडे वळलो. ते काठीकडे बघतच नव्हते. त्या चौथऱ्याकडे आणि समोर उभ्या असलेल्या माणसांकडे बघत होते. मग चपला घालून बाहेर गेले.

परत आले ते दोघांना घेऊन. पूर्वी त्यांच्या जोडीने वाजवणारे वस्तीतले दोन म्हातारे. एकाला धड दिसत नव्हतं. वडिलांनी दोघांना खुर्च्यांवर बसवलं, मधली खुर्ची स्वतः घेतली आणि मला म्हणाले, "लाव पयल्यापासून."

पाच मिनिटांत तिघांचं जुंपलं. एक म्हणाला, डावा हात कच्चा हाय. ज्याला दिसत नव्हतं तो म्हणाला, डावा कच्चा न्हाई, उजवाच लई बोलतोय. वडील खुर्चीवरून पुढे सरकून दोघांना खोडून काढत होते. त्यांचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मित्राला राहवेना. तो म्हणाला, "बाबा, माझ्या मते..."

"तू गप ऱ्हा, पावण्या," वडील म्हणाले. "ह्यातलं तुमा दोघास्नी काय कळतंय? आमी वाजवलंय हे."