दाजींनी निवडलेला वॉकमन

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, चांगुणाआक्काचे मालक सिताराम, वस्तू पारखून घेण्यात पटाईत होते आणि पारखून चुकीची वस्तू आणण्यात त्याहून पटाईत. मडकं घेताना अर्धा तास टिचक्या मारत बसायचे आणि घरी आणलेलं मडकं हमखास पाझरायचं. यावरून मी त्यांची फार चेष्टा करायचो. वॉकमन आणल्यानंतर मात्र मी ती चेष्टा सोडून दिली.

एकेकाळी दाजींना गळा होता. गावात त्यांची गायन पार्टी होती आणि चौदा एप्रिलला चार गावांची माणसं त्यांना ऐकायला यायची. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. त्या आनंदात दाजी वस्तीसमोर पेटी घेऊन गायले. पुढच्या काही दिवसांत ठरावाच्या विरोधकांनी वस्ती जाळली, त्यात दाजींचं घर पेटीसकट गेलं. जाळणाऱ्यांना गाण्याची काय गरज होती? ते आलेच असते. पण दाजींनी मनाशी धरलं ते धरलंच, की आपण गायलो म्हणून घर गेलं.

मग ते जिंतूरला आले, कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला लागले आणि व्यंकटराव नावाच्या शेतकऱ्याच्या वाड्यामागची खोली भाड्यानं घेऊन राहिले. व्यंकटराव कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. दाजींना त्याचीच जास्त धास्ती. घरात रेडिओ लागला की ते उठून खिडकी लावायचे. गाणं तर त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही.

जळिताच्या दुसऱ्या वर्षी विशाखा झाली, आणि खाण तशी माती, गळा घेऊनच आली. घरात ती कुजबुजल्यासारखी गायची, शाळेत मोकळी. सातवीत स्कॉलरशिप मिळाली तेव्हा बापानं तिला विचारलं, काय पाहिजे. बापाला ती दादा म्हणायची.

"दादा, टेप पाहिजे. गाणी बसवायचीत. औंदा जयंतीला म्हणायचंय."

दाजी बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "ऐक की," शेवटी म्हणाले, "ऐकायला कोण न्हाई म्हणतंय."

मी परभणीला कारकून. म्हणून दाजी माझ्याकडं आले आणि आम्ही स्टेशनजवळच्या बन्सीधरच्या दुकानात गेलो. बन्सीधरनं आधी चांगला दणदणीत टेप काढून लावला. दाजींनी दचकून मागं रस्त्याकडं पाहिलं. "बंद करा, बंद करा," ते म्हणाले. मग बन्सीधरनं वॉकमन काढला. तो माझ्या कानांवर चढवून दाजी दुकानाबाहेर गेले, रस्ता ओलांडला आणि पलीकडं कान देऊन उभे राहिले. परत आले ते थेट माझ्या तोंडाजवळ.

"लिंबाजी, चालू हाय ना?"

"हाय की."

"आजून मोठा करा."

माझे कान फुटायची वेळ आली. दाजी पुन्हा बाहेर जाऊन आले. तेरा वर्षांत त्यांचा चेहरा इतका सुटलेला मी पाहिला नव्हता. "जरासुदीक बाहीर येत न्हाई," ते म्हणाले.

बन्सीधर म्हणाला, "लेकराला टेपच बरा होता. सगळं घर ऐकतंय." पोरीला काय हवंय ते मला ठाऊक होतं. मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. मलाही एव्हाना खिडकी लावायची सवय झाली होती.

विशाखानं वॉकमन उलटा-सुलटा करून पाहिला. "याच्यातून आवाज येत न्हाई का?"

"कानात येतो की," दाजी म्हणाले. "तुझ्या एकटीचा."

गुणाची पोर. कानांवर चढवला आणि बापाकडं बघून हसली.

पुढं एका रविवारी मी जिंतूरला गेलो होतो. दाजी दारात बाज विणत होते, विशाखा आत वॉकमन लावून बसली होती. आणि एकदम आतून गाणं आलं, भरल्या गळ्याचं. कानांवर वॉकमन चढवला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, हे आज शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा आमच्यात कुणाला ठाऊक? दाजींनी यंत्र पारखलं होतं. पोर गाईल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

मी ऐकतच राहिलो. हंडे घेऊन चाललेल्या दोन बाया थांबल्या. दाजी सुंभ टाकून आत धावले आणि मागून पोरीच्या तोंडावर हात दाबला. तिला त्यांची चाहूलच लागली नव्हती. ती अशी तडफडली की वॉकमन खाली पडला. तरी दाजींनी हात काढला नाही. "गप," ते म्हणत होते, "गप, बाई, ऐकायलेत लोकं."

वाड्याच्या मागच्या अंगणातून व्यंकटरावांच्या पार्वतीबाईंनी विचारलं, "कोण म्हणायलं होतं वो चांगुणाबाई? थांबलं का? लय गोड गळा हाय."

आक्का दारात आली. "टेप हाय, बाई," ती म्हणाली.

त्यानंतर विशाखा गायली नाही, घरात नाही आणि शाळेतही नाही. जयंतीला गर्दीत मागं उभी राहिली. दाजी तिला न मागता पेन्सिल सेल आणून द्यायचे. ती घ्यायची आणि ऐकायची, ओठ घट्ट मिटून.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं. त्या दिवशी मी जिंतुरातच होतो. तिथल्या आमच्या वस्तीत गुलाल, लाडू आणि कर्णे. जयंती मंडळाचा चंद्रभान दाजींच्या दारात आला. "सितारामभाऊ, पोरीला पाठवा. दोन गाणी म्हणंल. शाळेतले सर सांगत होते, गळा हाय म्हणून."

दाजींचे डोळे भरले. ते आत गेले. विशाखा तांदूळ निवडत होती.

"विशू, चल. म्हण आता, मोठ्यानं म्हण. म्या उभा ऱ्हातो की तुज्या बाजूला."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. "मला गाणं येत न्हाई, दादा," ती म्हणाली.

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी भाचीची समजूत काढीन, असं त्यांना वाटलं असावं. मी खाली मान घातली. मग ते बाहेर गेले आणि चंद्रभानला म्हणाले, "तिला येत न्हाई."