पाटावर बसलेली माय

मेलेल्या माणसांना जेवढा राग आमच्या पुसेगावात येतो तेवढा साऱ्या मुलखात येत नसेल, आणि तो सगळा माझ्या भावाच्या शेजारच्या काकूंच्या तोंडून बाहेर पडतो. पितृपंधरवड्यात मेलेल्याच्या नावानं एक माणूस पित्तर म्हणून जेवायला बसवतात. बाकीची पित्तरं मुकाट्यानं खीर ओरपून घरी जातात. काकू मात्र पाटावर बसल्या की मेलेलं माणूसच होतात. एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या नावानं बसल्या, तेव्हा "वाढू का?" हे त्यांनी तीन-तीनदा ओरडायला लावलं. म्हाताऱ्याची बायको पदराआड हसत म्हणाली, "बराबर! अस्संच सतवायचे." एका घरी सासू होऊन बसल्या आणि कढीचा पहिलाच घोट घेऊन सुनेला म्हणाल्या, "काहून वं, मी गेले तं हिंगबी संगंच नेला का?" गावाला याचं मोठं कौतुक. मला चीड येई. पण मी चारचौघांत तोंड उघडत नाही, मनातल्या मनात भांडते.

निजामी गेली त्या वर्षी भावानं आमच्या मायच्या पित्तराला काकूंनाच बोलावलं. मायला जाऊन बारा वर्षं झालेली. मी रांधायला गेले होते. काकू बसल्या आणि सुरूच झाल्या, "हे वडे व्हय? या पोरीला म्या काहीच शिकवलं न्हाई!"

माझी माय! जी जन्मात कुणाला उलट शब्द बोलली नाही, ती! आणि आजीला कधी न पाहिलेली माझी लेक विचारते, "आजी लई भांडकुदळ होती का वं?"

वड्यांची परात खाली ठेवून मी म्हणाले, "काकू, माझी माय असं बोलत नव्हती!" सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली.

काकूंनी घास खाली ठेवला. "मंग कसं बोलत होती? सांग की. बारा वर्सांत तू तिचं अवाक्षर काढलं न्हाईस. म्या कुठून आणू तिला?"

मग मला सांगावंच लागलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा मायनं माझी पाटी उचलून फळीवर ठेवली. दर दिवाळीला फळी पुसायची, पण पाटीला फडकं लागू द्यायची नाही. विचारलं तर म्हणायची, "राहू दे, लेकराचं अक्षर हाय."

"काय लिवलं होतं पाटीवर?" लेकीनं विचारलं.

मला आठवेना. मायला तर वाचताच येत नव्हतं.

काकूंनी सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मिटून घेतलं. आणि कधी नव्हे ते मला वाटलं, त्यांनी माय होऊन सांगावं.