मामाच्या मापाची स्प्रिंग

सदर व्यक्ती उद्वाहन निरीक्षक या पदावर कार्यरत असून शहरातील सर्व सार्वजनिक व खाजगी उद्वाहने तिच्या अखत्यारीत येतात. (उद्वाहन म्हणजे लिफ्ट. लिफ्ट म्हटलं की फक्त वरखाली जाता येतं. उद्वाहन म्हटलं की फाईल पुढे सरकते.) उंची मध्यम. वैवाहिक स्थिती : विवाहित, पतीबद्दल तक्रार आलेली नाही. अपत्य एक, मुलगी, सज्ञान. स्वभाव संशयी, परंतु तो पदासाठी आवश्यक अर्हतेत मोडतो. सदर व्यक्तीने पास केलेली एकही लिफ्ट आजवर पडलेली नाही.

पडते ती मुलगी. ती एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर सायकलवरून उड्या मारते. या दोन गोष्टींचा आपसात संबंध आहे, असं तिचा मामा म्हणतो. ही शर्यत नव्हे. घड्याळ नसतं, हरवायला कोणी नसतं. उतारावर मातीचे उंचवटे आणि लाकडी फळ्यांचे चढ बांधलेले असतात, त्यांवरून हवेत जायचं आणि जमेल तितक्या डौलात खाली यायचं. याला फ्रीराइड म्हणतात. बाईंच्या खात्यात याला अपघात म्हणतात.

गेल्या वर्षी अशाच एका उडीनंतर पुढच्या चाकाची रिम दुमडली आणि तिच्या पाठोपाठ मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, सायकल भंगारात गेली. मग एके दिवशी मुलीने जाहीर केलं, की मामाच्या दुकानात एकेक भाग निवडून ती नवी सायकल बांधून घेणार आहे. तोवर मैत्रिणीची जुनी आहेच. मैत्रिणीच्या सायकलला तीच, दुमडणाऱ्या जातीची रिम होती.

"बांध," बाई म्हणाल्या. "पण भाग मी निवडणार."

मुलगी भांडणाच्या पूर्ण तयारीने आली होती. तयारी वाया गेली म्हणून ती जरा खट्टूच झाली.

बाईंच्या धाकट्या भावाचं दुकान अरुंद आणि लांबलचक आहे. भिंतीवर हुकांना सायकलींचे सांगाडे लटकतात. बाईंनी आत पाऊल टाकताच वर पाहिलं.

"हे हुक कशावर आहेत?"

"भिंतीवर, ताई."

"आणि भिंत?"

"ताई, तू सायकल घ्यायला आली आहेस. बस."

फ्रेमपासून सुरुवात झाली. कार्बनची फ्रेम हलकी, मुलीची लाडकी. "तुटण्याआधी कुरकुरते का?" बाईंनी विचारलं. भाऊ म्हणाला, फारशी नाही. "मग नको. माझ्या लिफ्टा कुरकुरतात म्हणून माणसं वाचतात." ॲल्युमिनियम ठरलं. पुढचा फोर्क, म्हणजे हँडलखालचा चाक धरणारा चिमटा, बाईंना दोन ठिकाणी आवळलेला हवा होता.

"त्याने हँडल पुरतं फिरत नाही, आई. मला हवेत फिरवायचं असतं."

"हवेत कशाला वळायचंय? तिथे काय चौक लागतो?"

इथे मामाने भाचीची बाजू घेतली आणि एकाच ठिकाणी आवळलेला, पण सर्वांत जाड फोर्क मंजूर झाला. टायर बाईंनी असे निवडले, की भावाने विचारलं, "शेत नांगरायचं आहे का?" ब्रेकवर मात्र तिघांचं पहिल्या झटक्यात एकमत झालं, म्हणून बाईंनी ते पुन्हा एकदा तपासले.

मग आली मागची स्प्रिंग. सीटच्या खाली बसते, उडीचा दणका गिळते, आणि चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडतात. भावाने भाचीच्या मापाची काढून ठेवली. बाईंनी तिच्याहून कडक, वरच्या वजनाची मागितली. मग तिच्याही वरची.

"ताई, ही माझ्या मापाची झाली. मी बसलो की बाक रडतो."

"लिफ्टचा दोर काय माणसाच्या मापाचा असतो? येईल त्या वजनाच्या बारापट धरायचं. तेव्हा कुठे मी सही करते."

मुलीने तोंड उघडलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीचा इस्पितळातला बाक अजून होता.

पहिल्या चाचणीला बाई स्वतः डोंगरावर गेल्या. टेबलाएवढ्या उंचीवरून मुलगी उतरली. मागचं चाक जमिनीला लागलं आणि लागल्यासरशी उसळलं; मुलगी हँडलवरून पुढे जाऊन मातीत बसली. बाई धावल्या आणि सवयीने आधी सायकलपाशी पोचल्या.

"रिम सरळ. फ्रेमला चीर नाही. सगळं शाबूत आहे."

"सगळं म्हणजे मला सोडून," मुलगी म्हणाली. तिचं कोपर सोललं होतं. "आई, ही मला खाली येऊच देत नाही. जमीन लागली की परत फेकते. मी आपली मैत्रिणीचीच घेते."

ती रागावली असती तर बाईंना उत्तर देता आलं असतं. तिने नुसती माती झटकली.

परतीच्या वाटेवर बाई मनातल्या मनात आपल्या लिफ्टा तपासू लागल्या. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो आणि खड्ड्यात एक जाडजूड स्प्रिंग. आत उभ्या माणसांना ती कधी दिसत नाही. बाकी सगळं फसलं तर लिफ्ट तिच्यावर येऊन टेकते. ही स्प्रिंग नुसती दणकट असून भागत नाही. गरजेपेक्षा कडक असली, तर लिफ्ट वाचते आणि आतली माणसं मोडतात. अशा कडक स्प्रिंगा नापास करण्यात बाईंची निम्मी नोकरी गेली होती. पण मुलीच्या बाबतीत त्यांना फक्त दोर आठवला होता, कारण दोराचं काम पडू न देणं हे आहे. आणि मुलगी तर पडायलाच निघाली होती. आपल्या खुशीने, हेल्मेट घालून. तिला दोर बांधण्याची सोय कुठल्याच दुकानात नव्हती. खाली काय असावं, एवढंच आईच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. मुलीला त्यांनीच बोलावून घेतलं होतं. ती आली होती, पण हाताची घडी घालून.

"तू पहिली काढली होतीस ती स्प्रिंग दे."

"मी तेव्हाच म्हणालो होतो, ताई, की—"

"म्हणाला होतास. आता पाना घे."

स्प्रिंग बसली. मग मुलगी हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, बूट, असा सगळा जामानिमा करून सायकलवर चढली. बाईंनी समोरून हँडल धरलं. भाऊ गुडघ्यांवर बसून मागे पाहू लागला. मुलीच्या वजनाने स्प्रिंग सावकाश खाली गेली आणि जवळजवळ तिसरा हिस्सा दबून थांबली.

"दबली," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हा शब्द आजवर नापास या अर्थीच आला होता.

"बरोबर दबली," भाऊ म्हणाला.

मुलीने जागच्या जागी एकदा अंग खाली टाकलं, परत वर आली. पुन्हा टाकलं. हाताची घडी घालायचं ती विसरली होती. "आई," ती म्हणाली, "रविवारी मोठ्या फळीवर येशील?"

"येते."

रविवारी बाई मोठ्या फळीच्या खाली, जिथे उभं राहायचं सांगितलं होतं तिथेच, उभ्या राहिल्या. वरून मुलीने हात हलवला. टायर फळ्यांवरून खडखडत आले, मग काहीच ऐकू आलं नाही, मग एक जाड, मऊ धप्प आवाज झाला आणि चाकं पुढे पळत गेली.

"आई! पाहिलंस?"

"पाहिलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे उघडले.