मोठ्याचा होकार

बाबांच्या तेरवीला मामांनी माझ्या डोक्याला दुपट्टा बांधला. "आता या घरचा मोठा तू," म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी दिग्रसच्या स्टँडवरून बंगळुरूला निघालो. धाकट्या गजाननने बॅग चढवून दिली. "दादा, तुमी पोचले की फोन करजा." जन्मभर मला अरेतुरे करणारा माझा भाऊ! मला हसूच आलं. तेव्हा हसलो, ते आज खुपतं.

इथं ऑफिसात मी सीनियर, म्हणजे खिडकीजवळची जागा. सोसायटीतली पोरं अंकल म्हणतात, म्हणजे केस पिकले. गावात मात्र मोठा म्हणजे ज्याला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही. तूर कधी विकायची, पुतणीला कोणत्या कॉलेजात घालायचं, सगळं गजानन फोनवर विचारायचा. राबायचा तो, न् हुकूम माझा! खरं सांगतो, मला ते गोड वाटायचं.

गेल्या वर्षी एका दुपारी मायचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. गावातले डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्या. गजाननने मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. बाहेर येऊन पाहतो तर सतरा मिस्ड कॉल. अडीच तास गेले होते.

"अबे, नेलं काहून नाही?" मी ओरडलो.

"तुमाले विचारल्याशिवाय कसं नेऊ, दादा? काही बरंवाईट झालं असतं तं?"

गाडी दारात उभी होती. माय खाटेवर. शेजारचे चार म्हातारेही म्हणत होते म्हणे, मोठ्याचा फोन येऊ द्या.

माय वाचली, उजवी बाजू मात्र गेली. लवकर आणायला हवं होतं, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. गजाननला मी काय बोलू? सवय मीच लावली होती.

दिवाळीला गेलो तेव्हा तो मायला घास भरवत होता. मी म्हणालो, "गजू, यापुढं मले विचारू नको. तूच ठरवत जा."

त्याचा चेहराच उतरला. "मंग मी कोणाले विचारू?"

तुमच्यातही कोणी थोरला असून गाव सोडून गेला असेल. त्याने काय सांगितलं असतं? घर म्हणजे आता मला एवढंच कळतं की तिथं माणसं माझ्या होकारासाठी थांबतात, आणि मी तिथं नसतो.

परवा पुन्हा फोन आला.

"दादा, माय पाणी मागून राह्यली. देऊ ना?"