लई चरबी

आकुर्डीच्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशनला सिस्टर असते. तिथं ऑपरेशनला आलेल्या एक बाई चाकणला पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला होत्या. त्यांनी मशीनला बचावाची जाळी बसवून मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, "लई चरबी चढलीय तुला." मग पत्र्याचा तुकडा उडाला आणि गालाला खड्डा पडला. तो भरायला त्यांच्याच पोटावरची चरबी काढली. मी ती सलाइननं धुतली, रक्त नि तेल वेगळं केलं आणि सिरिंजमध्ये भरली. भूल जागेपुरतीच होती. सवयीनं गालाकडे जाणारा हात आवरत त्या सिरिंजकडे बघत होत्या.

"एवढुशीच? त्यो तर लई म्हनला व्हता."

मला हसू आलं नाही, डोकंच फिरलं. "आता तरी जाळी बसवली का त्यानं?"

"न्हाई. तिथं दुसरी बाई घेतलीय. ती काय मागत न्हाई."