सारंगाचा होकार

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. हा सारंग बावीस वर्षं समुद्रावर होता आणि गेली आठ वर्षं किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवत होता. उजव्या हाताची तीन बोटं मुळापासून गेलेली. डाव्या हातात खडू धरून तो पहिल्याच तासाला फळ्यावर एक शब्द लिहायचा, ‘हो’. समोर पाच-सहा देशांची माणसं बसलेली असत.

“हा शब्द हात तोडतो,” तो सांगायचा. “काही मुलखांत ‘हो’ म्हणजे ‘करतो’. काही मुलखांत ‘हो’ म्हणजे नुसतं ‘ऐकलं’, पुढचं पुढे. आणि ‘अमुक करायचं नाही ना?’ असं विचारलंत, तर एकाच ‘हो’चे दोघं दोन अर्थ काढतात. म्हणून असा प्रश्न विचारायचाच नाही.”

हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी एक मालवाहू जहाज धक्क्याला बांधत होते. मागच्या डेकवर तिघंच. विंचेवर, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावर, परमुलखातला एक थोराड, मितभाषी खलाशी, हुकूम द्यायला सेकंड ऑफिसर, आणि हा सारंग. ऑफिसर तिसऱ्याच देशाचा. डोळे घारे, म्हणून सगळे त्याला पाठीमागे ‘घाऱ्या’ म्हणत. विंचेच्या दोर गुंडाळायच्या पिंपावर दोर एकमेकांत अडकला. सोडवायला सारंग वाकला आणि जहाजावरच्या मोडक्या इंग्रजीत त्यानं ओरडून विचारलं, “मी हात घालतोय. विंच चालवायची नाही ना?”

घाऱ्या म्हणाला, “हो.”

सारंगानं त्याचा अर्थ घेतला, हो, चालवायची नाही. विंचेवरच्यानं घेतला, हो, चालव. त्यानं दांडा ओढला.

सारंग इस्पितळात असतानाच घाऱ्याचा अहवाल गेला. एकच ओळ होती, ‘सारंगाला हुकूम समजण्याइतकी भाषा येत नाही.’ ती ओळ त्याच्या समुद्री नोकरीच्या नोंदवहीत चढली आणि कुठल्याच कंपनीनं त्याला पुन्हा उभं केलं नाही. बोटांचं त्याला एवढं लागलं नाही. बावीस वर्षं सात भाषांच्या माणसांना ज्यानं एका दोरीत बांधलं, त्याला भाषा येत नाही म्हणे. ही ओळ त्याच्या घशात हाडासारखी अडकून बसली. बायको शर्टाची बटणं लावून द्यायची, तेव्हा तो तीच ओळ पुटपुटायचा. “सोडा हो आता,” ती म्हणायची. तो सोडत नसे. इंग्रजी त्यानं घासूनपुसून स्वच्छ केली. वर घाऱ्याची मायबोलीही शिकला, कॅसेटी ऐकून, बंदरावरच्या माणसांशी बोलून. कशाला, हे बायकोनं कधी विचारलं नाही. तिला कळत होतं.

आणि एका सोमवारी कप्तानपदाच्या परीक्षेच्या यादीत घाऱ्याचं नाव आलं.

केंद्राच्या मागच्या अंगणात खरी विंच बसवलेली होती. परीक्षा अशी, की सारंग खलाशी व्हायचा, उमेदवार अधिकारी, विंचेवर केंद्राचा एक मदतनीस, आणि दोरात माणसाच्या हाताऐवजी वाळू भरलेला हातमोजा. घाऱ्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं सारंगाशी हात मिळवला, डावा हात पुढे आला म्हणून थोडा चकित झाला, बस्स. सारंगाला त्यानं ओळखलंच नाही. सारंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोर अडकवला गेला. सारंगानं स्वतःच्याच शिकवणीला तिलांजली दिली आणि मुद्दाम विचारलं, “मी हात घालतोय. विंच चालवायची नाही ना?”

“हो,” घाऱ्या म्हणाला.

मदतनिसानं दांडा ओढला, विंच फिरली. हातमोजा फाटला, वाळू खाली सांडली. सारंगानं शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, डाव्या हातानं लिहिलं, ‘हुकूम देण्याइतकी भाषा येत नाही. नापास.’

दुसऱ्या दिवशी सकाळी घाऱ्या त्याच्या खोलीत आला. शेरा वाचून त्याला काहीतरी उमगलं असावं. सारंगानं उजवा हात टेबलावर ठेवला. घाऱ्यानं हाताकडे बघितलं.

“तुम्हीच ते,” तो म्हणाला.

“मीच तो. ज्याला भाषा येत नाही.” हे सारंग घाऱ्याच्या मायबोलीत बोलला.

घाऱ्या खाली बसला. “भाषेचा प्रश्नच नव्हता. तुम्ही काय विचारलंत ते मी ऐकलंच नव्हतं. कानाशी वॉकीटॉकी होती, कप्तान बोलत होता. ते ‘हो’ त्याला होतं.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“तेव्हाच. अहवाल लिहिण्याआधी.”

 नऊ वर्षं सारंगानं त्या एका शब्दाची चिरफाड केली होती, शेकडो माणसांना शिकवली होती. आणि तो शब्द त्याच्यासाठी नव्हताच. या माणसानं सगळं माहीत असून त्याला अडाणी ठरवलं होतं.

त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. “हे लिहून द्या. सहीनिशी.”

“दिलं तर फेरपरीक्षेत पास कराल?”

“हो,” सारंग म्हणाला.

घाऱ्यानं लिहून दिलं. सारंगानं कागद वाचला, घडी घातली. “माझ्या मुलखात कधी कधी ‘हो’ म्हणजे नुसतं ‘ऐकलं’,” तो म्हणाला, आणि कागद घेऊन सरळ केंद्राच्या प्राचार्यबाईंच्या खोलीत गेला.

बाईंनी कागद कंपनीकडे पाठवला. घाऱ्याचं कप्तानपद गेलं, चौकशी लागली. पण बाईंनी सारंगालाही सोडलं नाही. “प्रश्न मुद्दाम तसा विचारलात?” त्यांनी विचारलं. त्यानं मान डोलावली. वर्षभर त्याला परीक्षक म्हणून उभं करायचं नाही, असं ठरलं. त्यानं ते निमूट मान्य केलं.

घरी सगळं सांगितल्यावर बायको भाजी निवडायची थांबली. “म्हणजे फसवलंत त्याला.”

“फसवलं.”

“वाईट नाही वाटत?”

“वाटेल म्हणून दोन दिवस वाट बघितली. अजून तरी नाही.”

तिला हे आवडलं नाही, आणि तिनं ते लपवलंही नाही. दोन दिवस कामापुरतं बोलली.

महिन्याभरानं सुधारलेल्या नोंदवहीची प्रत आली. ती ओळ खोडलेली होती, शेजारी शिक्का आणि ‘नोंद चुकीची, रद्द’ असा शेरा. सारंगानं दारातच उभ्यानं ती चारदा वाचली. मग बायकोच्या हातात देऊन म्हणाला, “तू वाच. मोठ्यानं.”

तिनं वाचली. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला आणि संपल्यावर म्हणाला, “पुन्हा.”